घरापासून चार मीटरवर रेन ट्री, भिंतीला तडा. झाड काढावं का?

माजघर (शनिवार, रात्री ९:१०)

मंडळी, या विषयावरून घरात तीन महिने वाद चालू आहे, म्हणून शेवटी धागा काढतोय.

घर १९९४ सालचं. बैठं, विटांच्या भिंती, वर गच्ची. १९९६ मध्ये वडिलांनी पश्चिमेच्या कोपऱ्याला एक रोप लावलं. कुणीतरी दिलेलं, कशाचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते रेन ट्री निघालं. आता त्याचा शेंडा शेजारच्या तीन मजली इमारतीच्या वर जातो आणि आमची अर्धी गच्ची त्याच्याखाली आहे. भिंतीपासून बुंध्यापर्यंत टेप लावली : ४ मीटर.

गेल्या उन्हाळ्यात त्या बाजूच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरका तडा गेला. पावसाळ्यात मिटल्यासारखा झाला, म्हणून भरून घेतला, रंग दिला. या उन्हाळ्यात त्याच जागी पुन्हा उघडला आणि आता त्यात नाणं उभं शिरतं.

बायको म्हणते काढा. आई म्हणते त्याला हात लावायचा नाही. मला दोघींचंही पटतं, म्हणजे मी कुठल्याच कामाचा नाही. तडा झाडामुळे आहे का, आणि झाड घरावर पडू शकतं का, एवढं कुणी सांगेल का?

बेधडक (९:२२)

काढा. झाड पुन्हा लावता येतं. विषय संपला.

पागोळी (९:४८)

बेधडक, तुमचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे कुऱ्हाडीसकट हजर :)

माजघर, पडण्याचं मला सांगता येणार नाही, पण दुसरा एक त्रास सांगते ज्याकडे कुणी बघत नाही. आमचं झाड घरापासून ६ मीटर लांब होतं, तरी दर पहिल्या पावसात गच्चीवर तळं. रेन ट्रीची पानं बारीक, पन्हळीच्या तोंडाला लावलेल्या जाळीतूनसुद्धा आत जातात आणि खाली त्यांचा लगदा होतो. पाणी तुंबून छत झिरपायला लागलं तेव्हा आम्ही आधी स्लॅबला शिव्या घातल्या, मग वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला. पन्हळ कुणी उघडून बघितलीच नाही. शिवाय गच्चीला टेकलेली फांदी म्हणजे उंदरांना आणि मुंग्यांना जिना.

आणि ड्रेनेजचं चेंबर उघडून बघा. आमच्या पाइपातून मुळ्यांची हातभर लांब शेपटी निघाली होती, अगदी केसांच्या गंगावनासारखी. मुळांनी पाइप फोडला म्हणून झाडाला बोल लावला सगळ्यांनी.

कोनाडा (१०:३०)

सिव्हिलमधला आहे, जुन्या घरांची दुरुस्ती करतो. आधी पागोळीताईंच्या पाइपाबद्दल. मूळ सहसा धडधाकट पाइप फोडत नाही. आधी सांधा गळतो, त्या गळतीने आजूबाजूची माती ओली राहते, मूळ ओलाव्याच्या मागे येतं आणि केसाएवढ्या फटीतून आत शिरतं. आत पाणी आणि खत दोन्ही आयतं, मग जाड होऊन फट रुंदावतं. सिमेंटच्या सांध्यांचे जुने स्टोनवेअर (भाजलेल्या मातीचे) पाइप यात पहिले जातात. झाड काढून पाइप तसाच ठेवलात तर गळती राहतेच.

आता माजघर, तुमचा तडा. मुळं पायाखाली शिरून घर उचलतात असं लोकांना वाटतं. हलक्या वस्तू मुळं उचलतात, म्हणजे कंपाऊंडची भिंत, फरशी, पायऱ्या. वर अख्ख्या घराचं ओझं असलेला पाया उचलणं त्यांना जवळपास अशक्य असतं, ती वळसा घालून जातात. घराचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा मातीतलं पाणी ओढल्यामुळे. पण त्यालाही माती तशी लागते. मुरमावर किंवा खडकावर पाया असेल तर झाड कितीही प्यालं तरी फरक पडत नाही. काळ्या चिकण मातीवर असेल तर पडतो, कारण ती माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसते. उन्हाळा तिला वरून सुकवतो, मोठं झाड खोलवर सुकवतं. तेवढ्या एका कोपऱ्याखालची जमीन बसते आणि भिंत फाटते. ब्रिटनमध्ये १९७६ साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा चिकणमातीवरच्या घरांना असेच तडे गेले आणि विमा कंपन्यांकडे दाव्यांची रीघ लागली. झाडं आणि पाया यांचं नातं तिथल्या सर्वसामान्य लोकांपर्यंत खऱ्या अर्थाने तेव्हा पोचलं.

तीन गोष्टी सांगा. जमीन कुठली? पाया किती खोल? तडा वर रुंद आहे की खाली?

माजघर (रविवार, सकाळी ७:५५)

जमीन काळीच. उन्हाळ्यात मागच्या अंगणात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया साधारण १ मीटर, वडील तसं सांगायचे. तडा वर रुंद, खाली बारीक होत खिडकीपाशी संपतो.

पागोळीताई, चेंबर उघडलं. तुमची शेपटी आमच्याकडेही आहे.

कोनाडा (९:१५)

मग चित्र जुळतंय. वर रुंद म्हणजे तो कोपरा खाली आणि बाहेर कलतोय. उन्हाळ्यात उघडतो आणि पावसाळ्यात मिटतो म्हणजे मातीचं आक्रसणं-फुगणं. नुसत्या ओझ्याने पाया खचत असता तर ऋतू बघून मिटला नसता. पण एकदम झाडाच्या नावावर पावती फाडू नका. त्याच कोपऱ्यात तुमचा गळका पाइप आहे. त्याने माती कधी भिजते, कधी सुकते, तेही तितकंच वाईट.

तडा भरू नका. दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करा, महिन्यातून एकदा त्यांच्यातलं अंतर मोजा, तारीख भिंतीवरच लिहा. किंवा तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा. काच तडकली तर हालचाल चालू आहे. एक पूर्ण वर्ष मोजलंत तर हातात काहीतरी येईल.

बेधडक (९:२०)

म्हणजे झाड काढलं की माती सुकणार नाही, तडा थांबला. मी कालच सांगितलं होतं.

कोनाडा (९:४१)

थांबा. झाड काढल्यावर वर्षानुवर्षं सुकलेली माती पुन्हा पाणी पिते आणि फुगते. हे एका पावसाळ्यात संपत नाही, काही वर्षं चालतं. झाड घराच्या आधीपासूनचं असेल तर घर सुकलेल्या मातीवरच बांधलेलं असतं. झाड गेलं की तीच माती घर वर ढकलते. ते नुकसान खचण्यापेक्षा दुरुस्तीला अवघड. मी पाहिलंय, झाड काढून वर्षभरात फरशी मधोमध पोळीसारखी फुगलेली.

माजघर यांच्या बाबतीत घर आधीचं आणि झाड नंतरचं आहे. १९९४ ला माती जितकी ओली होती तिथपर्यंतच ती परत जाईल, त्यामुळे हा धोका बराच कमी. धागा उघडताना त्यांनी दोन्ही सालं दिली, फार बरं केलं.

बेधडक (९:४४)

बरं. हे माहीत नव्हतं.

खारीचा_वाटा (११:०५)

थोडं अवांतर. आमच्या गच्चीच्या कठड्यात पिंपळ उगवलाय, वीतभर. तो पण घराजवळचं झाड धरायचा का?

रानभूल (११:३२)

तो घराजवळचा नव्हे, घरातलाच! पिंपळ, उंबर, वड यांची फळं पक्षी खातात आणि बिया कठड्यावर टाकून जातात. यांची मुळं भेगेत खरोखर पाचर मारतात, तिथे कोनाडा म्हणतात तसा वळसा नाही. वरून कापलात तर दुप्पट जोमाने फुटेल. वीतभर आहे तोवर प्लास्टर फोडा, मूळ शेवटापर्यंत ओढून काढा आणि भेग बुजवा. पुढच्या वर्षावर टाकू नका.

आता मूळ प्रश्न, कारण त्याच्या दुसऱ्या भागाला अजून कुणी हातच लावला नाही. मी झाडांच्या छाटणीचं आणि तपासणीचं काम करतो. झाड पडेल का असं विचारणारा माणूस नेहमी मान वर करून बोलतो. फांद्या दाखवतो, उंची दाखवतो. मी त्याला खाली बसायला लावतो.

झाडाची मुळं जेवढी खोल वाटतात तेवढी नसतात. हवा आणि ओलावा वरच्या थरात असतो, म्हणून बहुतेक मुळं वरच्या मीटरभरातच असतात आणि बाजूला मात्र फांद्यांच्या घेरापेक्षा कितीतरी लांब जातात. झाड जमिनीत रुतलेल्या खुंटीसारखं नसतं. रुंद बुडाच्या समईसारखं उभं असतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्यात दोन दिवस पाऊस लागून माती लोण्यासारखी झाली की तिची पकड सुटते. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची मुळं दोरखंडासारखी ताणली जातात, त्यांच्यावरच सगळा भार.

माजघर, बुंध्यापाशी उकिडवे बसा आणि हे बघून सांगा. खोड जमिनीत शिरताना पायासारखं पसरतं की खांबासारखं सरळ आत जातं? (सरळ जात असेल तर कुणीतरी वर भर टाकून मुळं पुरली आहेत.) मुळांपाशी कडक, कपाटाच्या फळीसारखी बुरशी आहे का? एका बाजूची माती उचलल्यासारखी किंवा चिरलेली? झाड कललेलं असेल तर जुनं कलणं आहे की नवं? जुनं कललेलं झाड शेंड्याकडे पुन्हा सरळ वळतं. सगळं सरळसोट तिरकं असेल तर अलीकडचं समजा. दोन जाड फांद्या इंग्रजी व्ही सारख्या बेचक्यात फुटल्या आहेत का, आणि बेचक्यात साल आत दबली आहे का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं : गेल्या दहा वर्षांत झाडाच्या आसपास कुणी खणलं का?

पागोळी (१२:१०)

रानभूलदादा, यांना फांद्या कमी करून ठेवता येणार नाहीत का? आमच्या शेजाऱ्यांनी वरून सगळं झाड अर्ध्यावर कापलं होतं. बोडकं झालं पण वाऱ्याची भीती गेली.

रानभूल (१२:४०)

ताई, भीती गेली नाही, पुढे ढकलली. मुंडकं छाटलं की झाड घाईने डझनभर सरळ फुटवे काढतं. ते सालीलगतच्या थरातून निघतात, खऱ्या फांदीसारखे लाकडात रुजलेले नसतात. खाली कापलेला मोठा घाव कुजत जातो. पाच-सात वर्षांत उंची परत तेवढीच आणि फुटवे कुजक्या बुडावर. झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही, झाड ती आतून भिंत घालून बंद करतं. अ‍ॅलेक्स शिगो या अमेरिकन संशोधकाने हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. जखम जितकी मोठी तितकी ती भिंत घालणं अवघड. म्हणून छाटणी टोकाकडून, बारीक फांद्यांची, आणि काप अशा बाजूच्या फांदीच्या सांध्याशी, जी पुढे कापलेल्या टोकाची जागा घेईल.

खारीचा_वाटा (१२:५२)

अजून एक. झाड उंच असेल तर वीज झाडावर पडते आणि घर वाचतं ना?

कोनाडा (१:०५)

नाही. ओल्या खोडापेक्षा घरातली वायर आणि लोखंडी पाइप वीज चांगली वाहतात. झाडावर पडलेली वीज मध्येच घरावर उडी मारू शकते. झाड म्हणजे वीजरोधक नव्हे.

माजघर (सोमवार, रात्री १०:२०)

काल उत्तर दिलं नाही कारण रानभूलदादांचा शेवटचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला.

तीन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेने ड्रेनेजची नवी लाइन टाकली. चर आमच्या कंपाऊंडच्या आतून गेला, मीच हो म्हटलं होतं, कारण आमचं कनेक्शन त्यावरच होतं. जेसीबीने खणलं. मी तेव्हा कामावर होतो. संध्याकाळी आलो तर बाजूला मांडीएवढी जाड दोन मुळं कापून टाकलेली. ठेकेदार म्हणाला, एवढ्या मोठ्या झाडाला काय होतंय. मलाही तेच वाटलं. नंतर बुंध्याला चिकटेपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, चिखल नको म्हणून.

आज मोजलं. चर बुंध्यापासून १.५ मीटरवर. खोलीचं म्हणाल तर मीटरभर. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीला २.६ मीटर. चर झाडाच्या पश्चिमेला आहे, घर पूर्वेला. आमच्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा.

रानभूल (१०:४५)

हे वाचून बरं वाटलं नाही.

घेर २.६ म्हणजे व्यास साधारण ८३ सेंटिमीटर. बांधकामाच्या वेळी झाड सांभाळायचं असेल तर व्यासाच्या बारा पट त्रिज्येत खणू नये, असा ब्रिटिश मानकातला हिशेब आहे. तुमच्या झाडाला तो १० मीटर येतो. चर गेला दीड मीटरवर. आणि गेला तो नेमका वाऱ्याच्या बाजूने. ताणाचे दोर तिकडचे होते. ते कापले, आता झाड घराकडे ढकललं जाताना मागून धरणारं फारसं काही नाही. पाऊस सुरू होण्याआधी हे बघायला हवं.

एक मात्र सांगतो, वरून हिरवंगार दिसत असेल तर त्यावर जाऊ नका. कापलेल्या मुळातून कुज खोडाकडे यायला वर्षं लागतात आणि तोवर पानांना त्याचा पत्ताही नसतो.

पागोळी (१०:५८)

माजघर, स्वतःला दोष देत बसू नका. चर खणताना झाडाचा विचार कोण करतं? आमच्या रस्त्याला तर दर दोन वर्षांनी खणतात.

कौलारू (मंगळवार, सकाळी ६:४०)

मी नेहमी नुसता वाचणारा, पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आमचं झाड असंच गेलं, चर खणल्यानंतर चौथ्या पावसाळ्यात. रात्री वारासुद्धा फार नव्हता. आधी दोन दिवस बुंध्याच्या एका बाजूची जमीन वाऱ्याबरोबर श्वास घेतल्यासारखी वरखाली व्हायची. मुलगा मला दाखवायला घेऊन गेला होता, मी म्हटलं, पाऊस मुरलाय. तिसऱ्या रात्री मुळांच्या थाळीसकट आडवं झालं. सुदैवाने रिकाम्या अंगणात. थाळी उभी राहिली तेव्हा दिसलं, चराकडच्या बाजूला एकही जाड मूळ नव्हतं, सरळ रेषेत छाटलेली टोकं तेवढी.

जमीन हलताना दिसली तर त्या बाजूच्या खोलीत झोपू नका. एवढंच.

माजघर (मंगळवार, सकाळी ७:३०)

कौलारू काका, धन्यवाद. आईला आजपासून पुढच्या खोलीत झोपायला सांगितलंय. तिला कारण सांगितलं नाही.

बेधडक (८:००)

माजघर, माझी टिंगल बाजूला ठेवा. काढायचं ठरलंच तर स्वस्तात करवत घेऊन येणाऱ्या माणसाच्या हाती देऊ नका. माझ्या चुलत्यांकडे फांदी विजेच्या तारेवर आली होती, दोर नाही, काही नाही. तारेजवळ काम असेल तर आधी वीजपुरवठा बंद करून घ्या, आणि तोडायची परवानगी लागते का तेही आधी बघा. बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही लागते.

माजघर (रविवार, दुपारी ४:१५)

आठवड्याने लिहितोय. झाडं तपासणारे एक गृहस्थ येऊन गेले. आधी त्यांनी बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढायला लावले. पश्चिमेच्या बाजूला, बायकोने लावलेल्या वेलाच्या आड, तीन बुरशीच्या फळ्या. वरून तपकिरी चकचकीत, खालून पांढऱ्या. रोज पाणी घालताना वेल दिसायचा, त्याच्यामागचं कधी दिसलं नाही.

लाकडी हातोडीने खोड ठोकत फिरले. पूर्वेला टणक आवाज, पश्चिमेला पोकळ, रिकाम्या पिंपासारखा. मग बारीक सुईसारख्या ड्रिलने आत किती चांगलं लाकूड आहे ते मोजलं. खोडाची त्रिज्या ४१ सेंटिमीटर. पोकळ खोडाला निदान त्रिज्येच्या तीन दशांश जाडीचं चांगलं लाकूड हवं, असा त्यांचा ठोकताळा, म्हणजे १२-१३ सेंटिमीटर. पूर्वेला २० मिळालं. पश्चिमेला ५.

मी विचारलं, फांद्या कमी करून वाचेल का? म्हणाले, मोकळ्या मैदानात असतं तर वाचवायचा प्रयत्न केला असता, खाली झोपायची खोली आहे.

आईला मग सगळं सांगितलं. ती उठून बाहेर गेली, बुरशीला हात लावून बघितला आणि म्हणाली, त्याला आतून कधीपासून दुखत होतं म्हणायचं. एवढंच. परवानगीचा अर्ज तिनेच भरला.

रानभूल (५:००)

योग्य केलंत. चर १० मीटर लांबून गेला असता तर ते झाड तुमच्या नातवंडांनी पाहिलं असतं.

पेव्हर ब्लॉकवरून आठवलं म्हणून सांगतो. १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या वादळात लंडनच्या क्यू उद्यानातला टर्नर्स ओक नावाचा जुना ओक मुळांसकट वर उचलला गेला आणि तसाच परत खाली बसला. मरेल म्हणून सोडून दिला होता, पण पुढे तो आधीपेक्षा जोमाने वाढला. वर्षानुवर्षांच्या पावलांनी दाबलेली माती त्या हिसक्याने मोकळी झाली होती. मुळांना श्वास लागतो. पुढच्या झाडाभोवती सिमेंट नको.

माजघर (५:२५)

पुढच्या झाडाचंच विचारणार होतो. आई म्हणते दुसरं लावायचंच. किती लांब लावू? आणि बुंधा खणून काढायचा का?

कोनाडा (६:१०)

बुंधा जमिनीलगत कापा, खणू नका. पायाजवळ मोठा खड्डा कराल आणि तो पावसाने भरला तर कोपऱ्याचं आणखी वाटोळं. मुळं आपोआप कुजतील. गळका पाइप मात्र आधी बदला, सांधे नीट बसतील असा पीव्हीसी टाका. आणि वर्षभर तडा भरायचा नाही, हे विसरू नका. माती परत ओली होताना थोडी हालचाल दिसेल, घाबरू नका.

रानभूल (६:३०)

चिकण मातीवर ठोकताळा असा की झाड पूर्ण वाढून जितकं उंच होणार तितकं लांब. तुमच्या मागच्या अंगणात किती जागा आहे?

माजघर (६:३८)

भिंतीपासून कंपाऊंडपर्यंत ९ मीटर.

रानभूल (६:४४)

मग सात-आठ मीटरच्या वर न जाणारं बघा. पण अगदी कंपाऊंडलगत नको, नाहीतर शेजारी पुढचा धागा काढतील.

माजघर (गुरुवार, रात्री ९:५०)

आज झाड उतरवलं. दोर लावून, वरून तुकडे करत, दीड दिवस लागला. तारेचा पुरवठा बंद ठेवला होता. खालचा ओंडका पडला तेव्हा मध्ये हात घालता येईल एवढी ढोली होती, आत काळी माती झालेली.

गच्ची एकदम उजाड वाटते. दुपारी त्या खोलीत पंख्याखालीसुद्धा बसवेना. सावलीचा हिशेब आम्ही कुणीच केला नव्हता, खिडकीला बाहेरून पडदा लावावा लागणार.

भिंतीवर पहिली खूण केली. आजची तारीख, दोन रेघांमधलं अंतर ३१ मिलिमीटर. पहिला मोठा पाऊस झाला की पुन्हा मोजतो.

खारीचा_वाटा (१०:०२)

कठड्यातला पिंपळ आज काढला. वीतभर दिसत होता, मूळ कोपरापर्यंत निघालं.